सांगलीत मित्रमंडळींचा वाईन टेस्टिंग क्लब : बाटल्या, ग्लास, उन्हाळा आणि भडंग

विश्रामबागकर

दहा-बारा जण तयार आहेत. कोणी विश्रामबागेत, कोणी माधवनगरला, तिघे मिरजेत. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी बसायचं. पार्टी नको आहे, चव कळायला लागावी एवढाच हेतू. निम्म्यांच्या मते वाईन म्हणजे आंबट सरबत, उरलेल्यांना रेड आणि व्हाईट यापलीकडे फरक माहीत नाही. एका बैठकीला किती बाटल्या घ्यायच्या? ग्लास कोणते? एप्रिल-मेच्या उकाड्यात रेडचं काय करायचं? वर्गणी काढायची की प्रत्येकाने आपापली बाटली आणायची? सोबत खायला काय? आणि कायद्याचं काही असतं का? जाणकारांनी सविस्तर लिहावं, म्हणजे हाच धागा सगळ्यांना पाठवता येईल.

ब्रिक्स_तेवीस

बारा जणांना चार बाटल्या पुरे. सहाच्या वर तर कधीच जाऊ नका. ७५० मिलीच्या बाटलीतून ६० मिलीची बारा मापं निघतात आणि तळाशी थोडी उरते. ती शेवटी पुन्हा चाखायला लागतेच. पेगचं माप वापरा, मोठी बाजू ६० ची असते. अंदाजाने ओतलं की पहिल्या चौघांचे ग्लास भरतात आणि शेवटच्या दोघांसाठी बाटली उलटी धरून निथळावी लागते.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक क्लब पहिल्या बैठकीला एक स्पार्कलिंग (बुडबुड्यांची), एक व्हाईट, एक रोझे (गुलाबी), दोन रेड आणि एक गोड अशी वरात काढतात. ऐकायला बरं वाटतं, पण हाती काही लागत नाही, कारण सगळंच एकदम बदललेलं असतं. दोन ग्लासांत फरक जाणवला, तर तो द्राक्षाचा, ओकच्या लाकडी पिंपाचा, साखरेचा की तापमानाचा हे सांगणार कसं? म्हणून एका बैठकीत एकच गोष्ट बदला, बाकी सगळं शक्य तितकं सारखं ठेवा.

उदाहरणार्थ, एका महिन्यात फक्त सोविन्यों ब्लां या द्राक्षाची व्हाईट : सुला, फ्रटेली, ग्रोव्हर झांपा, यॉर्क. द्राक्ष एक, वायनरी चार. पुढच्या वेळी वायनरी एकच ठेवा आणि तिची सोविन्यों व शनॅं ब्लां शेजारी-शेजारी ठेवा. तिसऱ्या महिन्यात ओक : एक साधी तरुण शिराज (रेडचं द्राक्ष) आणि एक ओकमध्ये मुरवलेली, उदाहरणार्थ सुलाची दिंडोरी रिझर्व. व्हॅनिला, नारळ, भाजकट असा वास लाकडाचा असतो, द्राक्षाचा नव्हे. हे एकदा शेजारी-शेजारी कळलं की पुन्हा शिकवावं लागत नाही. चौथ्या महिन्यात शिराज, काबर्ने आणि अकलूजच्या फ्रटेलीची सांजोव्हेसे.

एकाच बैठकीत वेगवेगळे प्रकार असतीलच, तर क्रम असा : स्पार्कलिंग, हलकी व्हाईट, जड व्हाईट, रोझे, हलकी रेड, जड रेड आणि सगळ्यात शेवटी गोड. गोडावर कोरडी (बिनगोड) वाईन घेतली की ती पाणचट, आंबट लागते. बिचारीचा काही दोष नसतो.

मिरजेची_मी

ग्लासाचं मी सांगते. टेस्टिंगचा म्हणून ठरलेला ग्लास असतो, आयएसओचा. तो साधारण २१५ मिलीचा, पोट रुंद आणि तोंड अरुंद. तोच हवा असं काही नाही, पण तोंड पोटापेक्षा अरुंद असलंच पाहिजे, कारण वास तिथे साठतो. रुंद तोंडाच्या सरबताच्या ग्लासात वास येतो तसा उडून जातो. माणशी किमान दोन ग्लास ठेवा. एकाच ग्लासात एकामागून एक ओतत गेलात तर तुलना कसली, नुसती आठवण उरते. बारा जण म्हणजे चोवीस ग्लास. एकाने विकत घेऊन पेटीत ठेवले तर प्रत्येक वेळी गोळा करत फिरावं लागत नाही.

धुण्याकडे लोकांचं लक्ष नसतं. भांड्यांच्या साबणाचा लिंबाचा वास ग्लासात राहतो आणि मग सगळ्यांना सगळ्या वाईनमध्ये 'सिट्रस' सापडतं. गरम पाणी, साबण अगदी थेंबभर, मग तीनदा खळबळा. शेवटचं पाणी आरओचं घ्या. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात आणि रंग बघायचा म्हटलं की तेच दिसतात. ग्लास कपाटात उपडे ठेवू नका, लाकडाचा किंवा खोक्याच्या पुठ्ठ्याचा वास आत कोंडतो. ओतण्यापूर्वी रिकाम्या ग्लासात नाक घाला. वास आला तर वाईनचाच एक घोट टाकून फिरवा आणि ओतून द्या.

खोलीचंही बघावं लागतं. बैठकीआधी दोन तास घरात फोडणी नको. उदबत्ती नको, गजरा नको, अत्तर नको, आणि येणाऱ्यांना हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा. वास घेताना छताचा पंखा बंद किंवा अगदी हळू. डोक्यावर पंखा गरगरत असला की ग्लासातलं सगळं वर उडून जातं आणि 'मला काहीच वास येत नाही' अशी तक्रार सुरू होते. पिवळ्या बल्बखाली प्रत्येक रेड विटकरी दिसते, म्हणून पांढरा उजेड ठेवा. ग्लासाखाली कोरा कागद ठेवून ग्लास तिरपा करून बघा. मधला रंग आणि कडेचा रंग वेगळा दिसतो, तो फरक टिपायचा.

पलूसचा_बागवान

दुकानापासून सुरुवात करतो, कारण आपल्याकडे निम्मं नुकसान तिथंच झालेलं असतं. आपल्या भागात 'वाईन शॉप' म्हणजे सगळ्या दारूचं दुकान. वाईन तिथे वरच्या फळीवर, ट्यूबच्या उजेडात, उभी. मे महिन्यात शटर लावलेल्या दुकानात काय तापतं ते सांगायला नको. बाटली उचलली की आधी बूच बघा. काठाच्या वर आलंय का, कॅप्सूलखाली (बुचावरच्या वेष्टनाखाली) चिकट ओघळ आहे का, मानेतली पातळी खाली गेली आहे का? यातलं एकही दिसलं तर ठेवून द्या. उष्णतेने आतली वाईन फुगते, बूच ढकलते आणि परतताना हवा आत ओढते. अशी वाईन शिजल्यासारखी लागते, मुरंब्याच्या अंगाने जाते. फिरकीच्या झाकणाची बाटली मिळत असेल तर आपल्या हवेत तीच घ्या. झाकण म्हणजे हलकी वाईन ही समजूत काढून टाका. पारदर्शक काचेतली व्हाईट किंवा रोझे ट्यूबसमोरची नको. उजेडाने तिला ओल्या लोकरीसारखा, उकडलेल्या कोबीसारखा वास येतो. मागच्या खोक्यातली मागा.

लेबलवरचं साल बघा. आपल्याकडे फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरला, तोडणी जानेवारी ते मार्च. साध्या व्हाईट ताज्या प्यायच्या असतात, साल जितकं अलीकडचं तितकं बरं. चार-पाच वर्षं फळीवर बसलेली स्वस्त व्हाईट 'मुरली' नसते, दमलेली असते.

बागायतदार मंडळी क्लबात असणारच, त्यांच्यासाठी एक. आपला थॉमसन, सोनाका, माणिक चमन हा सगळा खाण्याचा नि बेदाण्याचा माल. मणी मोठा, साल पातळ, बी नाही, वर जीएचं (मणी फुगवणाऱ्या संप्रेरकाचं) डिपिंग. वाईनचं द्राक्ष नेमकं उलटं लागतं : बारीक मणी, जाड साल, आत बी, म्हणजे रसाच्या मानाने सालीचा वाटा जास्त. रंग आणि तुरटपणा सालीत-बियांत असतो. ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) २२ ते २४ ला तोडतात. ब्रिक्सला ०.५५ ने गुणलं की अल्कोहोलचा अंदाज येतो, २३ ब्रिक्स म्हणजे साडेबारा टक्क्यांच्या पुढे. २००१ च्या राज्याच्या धोरणात नाशिककडे विंचूर आणि आपल्याकडे पलूस अशा दोन जागी वाईन पार्क ठरले, तेव्हा हा हिशेब इथल्या पुष्कळ बागवाल्यांनी पाठ केला होता.

उगाच_एक

एवढं शास्त्र करायचंय तर सीईटीची तयारी करा की. दोन बाटल्या, मधे परातभर भडंग, झालं काम.

मिरजेची_मी

भडंग ठेवा, पण टेस्टिंग संपल्यावर. तिखट आणि अल्कोहोल एकमेकांना पेटवतात, तुरट रेड त्यावर कडू लागते आणि लसूण तर पुढचा तासभर जिभेवरून हलत नाही. चाखताना साधा पाव, बिनमिठाची ज्वारीची लाही किंवा भाकरीचे कोरडे तुकडे आणि पाणी. चीजसुद्धा आधी नको. स्निग्ध पदार्थ तुरटपणा झाकतो, म्हणून तर विकणारे चीज पुढे करतात.

नंतरच्या जेवणात भडंगासोबत किंचित गोडसर शनॅं किंवा रीस्लिंग, चांगली थंड. थोडी साखर तिखटाला धरून ठेवते. कांदाभजीला स्पार्कलिंग, तेल कापायला आंबटपणा आणि बुडबुडे हवेतच. वांग्याच्या भरताला साधी शिराज चालते. तांबड्या रश्शाला माझ्या मते कुठलीच रेड नको. मत माझं आहे, भांडायला मोकळे आहात.

विश्रामबागकर

वा, मजा येतेय. तापमानाचं कोणी सांगेल का? 'रूम टेंपरेचर' म्हणजे आमच्या खोलीचं ३६ धरायचं का?

ब्रिक्स_तेवीस

नाही धरायचं. तो शब्द थंड देशातल्या जुन्या दगडी घरांचा आहे. रेड १६ ते १८ अंश, हलकी रेड १४ पर्यंत, व्हाईट ८ ते १२, स्पार्कलिंग ६ ते ८. तीस अंशांची रेड नाकाशी नेली की फळाआधी अल्कोहोलच नाकात शिरतं आणि सगळे म्हणतात 'कडक आहे'. वाईन कडक नसते, गरम असते.

उन्हाळ्यात रेड फ्रीजमध्ये दीड-दोन तास ठेवून काढा. व्हाईट फ्रीजमध्ये रात्रभर राहिली असेल तर ती ४-५ अंशांवर असते, तेवढ्या गारठ्यात वास मिटलेला असतो, म्हणून पंधरा मिनिटं आधी बाहेर. फ्रीजमध्ये जागा नसेल तर बादली घ्या : निम्मा बर्फ, निम्मं पाणी, दोन मुठी खडे मीठ, बाटली मानेपर्यंत बुडलेली. वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात ठेवली तर तासभर लागतो, कारण बर्फाचे खडे बाटलीला जेमतेम टेकतात, मधे सगळी हवा. फ्रीजरमध्ये विसरलेली बाटली बूच बाहेर ढकलते, स्पार्कलिंग तर फुटतेसुद्धा.

थर्मामीटर लागतोच असं नाही, पण स्वयंपाकाचा खुपसायचा मिळाला तर घ्या. एकच रेड दोन ग्लासांत घ्या, एक १७ ला आणि एक खोलीच्या तापमानाला, आणि न सांगता द्या. निम्मी बैठक त्यांना दोन वेगळ्या वाईन म्हणते. कदाचित पहिल्या दिवसाचा सगळ्यात चांगला प्रयोग हाच.

कायद्याचं_बोला

हे आधीच ठरवून घ्या. महाराष्ट्रात दारू बाळगायला-प्यायला वैयक्तिक परवाना लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा आणि आजीवन असे प्रकार आहेत. मेंबरांनी वर्षाचा किंवा आजीवन काढून ठेवला की विषय संपला. २१ च्या आतलं कोणीही बैठकीत नको, 'नुसतं चाखायला'सुद्धा नको. घरी ओळखीच्या लोकांनी खर्च वाटून घेणं वेगळं आणि हॉल घेऊन, तिकीट लावून, अनोळखी लोक बोलावणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला राज्य उत्पादन शुल्क खात्याचा त्या दिवसाचा परवाना लागतो. व्हॉट्सॲपवर जाहिरातीसारखी पत्रिका फिरवू नका.

गोव्याहून येताना डिकीत बाटल्या टाकून आणायचा मोह इथे सगळ्यांना होतो. परवान्याशिवाय परराज्यातली दारू आणणं गुन्हा आहे आणि घाट चढला की तपासणी असते. बेळगावकडून आणली तरी तेच.

गाडीचं : कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. ६० मिलीच्या सहा वाईन गिळल्या तर पोटात ३५ ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल जातं. एवढ्यावर बहुतेक माणसं मर्यादेच्या वर असतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. मिरजेच्या तिघांनी एकच रिक्षा ठरवा.

उगाच_एक

म्हणजे थुंकायचं? आमच्यात अन्न टाकत नाहीत हो.

ब्रिक्स_तेवीस

थुंकायचं. निदान चौथ्या ग्लासापासून तरी. त्यापुढे जीभ नव्हे, मूड गुण देतो. दोन माणसांत एक उंच अपारदर्शक डबा ठेवा, तळाला लाकडाचा भुसा किंवा फाडलेला वर्तमानपत्राचा कागद, म्हणजे उडत नाही. स्टीलचा तांब्या चालतो, पण आवाज होतो आणि लाजरी मंडळी मग गिळूनच टाकतात. वास नाकाने कळतो, आंबटपणा-तुरटपणा तोंडात कळतो, घशाखाली गेल्यावर नवीन काही कळत नाही. शेवटी आवडलेल्या बाटलीतलं उरलेलं ज्याला प्यायचं त्याने प्यावं.

विश्रामबागकर

पहिल्या बैठकीत नवख्यांना 'ॲसिड', 'टॅनिन' हे शब्द कसे समजवायचे?

ब्रिक्स_तेवीस

वाईन उघडण्याआधी पाच पेले, सगळे स्वयंपाकघरातले. वजनकाटा ग्रॅमचा हवा, चमच्याने लिंबूसत मोजू नका.

पहिला साधं पाणी. दुसऱ्यात लिटरला १० ग्रॅम साखर. तिसऱ्यात लिटरला दीड ग्रॅम लिंबूसत. लिंबू पिळू नका, त्याचा वास येतो आणि लोक वासालाच चव समजतात. चौथा, दोन चमचे चहापत्ती २०० मिली उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून गाळलेला, गार केलेला कोरा चहा. दूध-साखर नाही. हिरड्या आणि जिभेची कड कोरडी पडते, ओठ दातांना चिकटतात, ते टॅनिन. आंबटाने उलट लाळ सुटते. गिळल्यावर दोन्ही गालांच्या मागे पाणी सुटलं तर ॲसिड, तोंड खरखरीत झालं तर टॅनिन. लोक या दोहोंना मिळून 'तुरट-आंबट' म्हणतात, ते इथे सुटं होतं.

पाचवा पेला महत्त्वाचा : लिटरला दीड ग्रॅम लिंबूसत आणि २० ग्रॅम साखर. तिसऱ्याइतकंच ॲसिड, पण आंबटपणा बराच कमी जाणवतो. हे प्यायल्यावर कळतं की गोडसर वाईनमध्ये आंबटपणा 'नसतो' असं नाही, तो झाकलेला असतो. आणि पिकलेल्या पेरूचा वास आला म्हणून वाईन गोड होत नाही. लिटरला ४ ग्रॅमच्या आत साखर असलेली वाईन कोरडीच.

वासांसाठी सात-आठ झाकणाच्या वाट्या करा : पेरू, हिरवी ढोबळी मिरची, लिंबाची साल, अननस, कुटलेले मिरे, लवंग, जांभूळ मिळालं तर जांभूळ, ओलं पुठ्ठं. आपल्या सोविन्यों ब्लांत पेरू आणि ढोबळी मिरची बहुधा सापडते, शिराजमध्ये मिरे. मिऱ्यांचा तो वास रोटंडोन नावाच्या द्रव्याचा आणि पाचांतल्या साधारण एका माणसाला तो येतच नाही. म्हणून एखाद्याला शिराजमध्ये मिरे सापडले नाहीत तर त्याला हसू नका, त्याचं नाक तसंच आहे. हळदीची वाटी मात्र ठेवू नका. सांगलीकर नाक हळदीला इतकं सरावलेलं असतं की ती उघडली की बाकी सगळं मागे पडतं.

त्रिकोणी

बाटल्या झाका, हे कोणी अजून लिहिलं नाही. खाकी पिशवी किंवा वर्तमानपत्र, मानेपर्यंत, चिकटपट्टी, वर आकडा. कॅप्सूल पूर्ण काढा, नुसती कापू नका, रंगावरून ओळखतात. फिरकीचं झाकण असेल तर ओतणाऱ्याने दुसऱ्या खोलीत काढून ठेवायचं. बाटलीच्या खांद्यांचा आकारही सांगून जातो, म्हणून शक्य असेल तर जगमध्ये ओतून आणा. किंमत कळलेली माणसं महागडीला जास्त गुण देतात. यात कोणीच अपवाद नसतो.

दुसरं, ओतल्यावर दोन मिनिटं पूर्ण शांतता आणि प्रत्येकाने कागदावर लिहायचं. बोलायचं नंतर. क्लबातल्या सगळ्यात ठाम आवाजाच्या माणसाने 'चेरी' म्हटलं की बाराही जणांना चेरी सापडते. चर्चेची सुरुवात दर वेळी नव्या माणसापासून करा आणि ठाम आवाजवाल्याला शेवटी बोलू द्या.

रंगाचाही असाच खेळ आहे. २००१ मध्ये बोर्डोत वाईनच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाईन बिनवासाच्या लाल रंगाने रंगवून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन रेड वाईनच्या शब्दांत केलं. शनॅंत खाण्याचा लाल रंग दोन थेंब टाकून हे घरीही होतं. आधी त्या रंगाला स्वतःचा वास नाही ना ते पाण्यात बघून घ्या.

आणि क्लब तीन-चार महिने टिकला की त्रिकोण चाचणी. माणशी तीन ग्लास, दोनांत एकच वाईन, एकात वेगळी, प्रत्येकी ३० मिली. प्रश्न एकच : वेगळा ग्लास कोणता? वाईन अ आणि ब असतील तर ग्लासांच्या मांडणीचे सहा प्रकार होतात : अअब, अबअ, बअअ, बबअ, बअब, अबब. बारा जणांत प्रत्येक मांडणी दोघांना द्या. नुसत्या अंदाजानेही बारातले चार बरोबर येतील, म्हणून चार-पाच जणांनी ओळखलं तर खूश होऊ नका. आठ जणांनी ओळखलं तर फरक खरा धरायचा. नऊच जण आले तर सहा. ग्लासाखाली आकडे लिहा, वर नको.

पलूसचा_बागवान

त्रिकोणाला फिकट फरकाच्या वाईन घ्या, नाहीतर सगळ्यांना येतं आणि मजा जाते. एकाच वायनरीची दोन सालांची सोविन्यों चांगली.

विश्रामबागकर

बाटली खराब निघाली हे ओळखायचं कसं? आम्हाला चांगलीच ओळखता येत नाही.

ब्रिक्स_तेवीस

खराब ओळखणं सोपं आहे, वास ठरलेले असतात. ओलं पुठ्ठं, भिजलेला टॉवेल, आणि फळाचा वास गायब : बुचाचा दोष, टीसीए. ग्लासात ठेवला तर वाढत जातो, कमी होत नाही. बाटली बाजूला ठेवा, पण फेकू नका, सगळ्यांना हुंगायला द्या. असा नमुना सहज मिळत नाही. काप करून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास आणि व्हाईट तपकिरी झालेली : हवा लागली. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा व्हिनेगर : व्होलाटाइल ॲसिडिटी. जळकी काडी किंवा सडकं अंडं : रिडक्शन, म्हणजे हवा कमी मिळाल्याचा दोष. यावर मात्र उपाय आहे. जोरात फिरवा, जगमधून दोनदा उलटसुलट ओता, दहा मिनिटं थांबा, बरेचदा जातो. फिरकीच्या झाकणाच्या बाटल्यांत हा जास्त दिसतो, म्हणून लगेच परत करायला धावू नका. तळाला साखरेसारखे खडे दिसले तर ती काच नाही, टार्टारिकचे खडे आहेत, निरुपद्रवी.

म्हणून प्रत्येक बाटली पाहुणे यायच्या अर्धा तास आधी उघडून एकाने हुंगायची. एक जादा बाटली हाताशी असली की बैठक अडत नाही.

माधवनगरची_सून

दोन प्रश्न. स्पार्कलिंग उघडताना दर वेळी गालिचा भिजतो. आणि वाईन टिकवायला घालतात त्या सल्फाईटमुळे डोकं दुखतं हे खरं का?

मिरजेची_मी

ताई, बाटली कोमट असते किंवा गाडीतून हलत आलेली असते, म्हणून उडते. आत पाच-सहा बारचा दाब असतो, गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. दोन तास उभी फ्रीजमध्ये ठेवा. कॅप्सूल काढा, एका हाताचा अंगठा बुचावर ठेवूनच तारेची कडी सोडा, सहा अर्धे फेरे असतात. तार बुचावर तशीच राहू द्या, पकड बसते. बाटली ४५ अंशांत तिरकी, तोंड माणसांकडे नाही, ट्यूबकडेही नाही. बूच घट्ट धरायचं आणि फिरवायची बाटली. बूच वर यायला लागलं की उलट दाबून धरा, 'फुस्स' एवढाच आवाज आला पाहिजे. ग्लासात आधी दोन बोटं ओता, फेस बसू द्या, मग उरलेली.

सल्फाईटचं : युरोपात कोरड्या रेडला लिटरला १५०, व्हाईटला २०० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आहे. आपल्याकडच्या पिवळ्या बेदाण्याला गंधकाची धुरी असते, त्यात किलोमागे याच्या कितीतरी पट जास्त. मूठभर पिवळा बेदाणा खाऊन डोकं दुखत नसेल तर दोष सल्फाईटवर ढकलू नका, आधी पाणी किती प्यायलात ते बघा. दर वाईनमागे अर्धा पेला पाणी. दमा असणाऱ्यांनी मात्र सल्फाईट खरंच जपून.

विश्रामबागकर

उरला प्रश्न पैशाचा.

कायद्याचं_बोला

'प्रत्येकाने आपापली बाटली आणा' हे करू नका. दोघं तीच आणतात, एक जण सर्वांत स्वस्त आणतो, एक जण भाव मारायला महाग आणतो, आणि विषय म्हणून काही राहत नाही. वर्गणी काढा. दर महिन्याला एक माणूस विषय ठरवतो, तोच सगळ्या बाटल्या आणतो, पावती ग्रुपवर टाकतो. समजा सरासरी ९०० ची बाटली, चार बाटल्या आणि एक जादा, ४५०० झाले. पाव-बर्फ-पाणी ३०० धरा. यजमान सोडून ४८०० भागिले अकरा, माणशी साधारण ४४०. न आलेल्याने निम्मे द्यायचे हे आधीच ठरवा, कारण बाटल्या आदल्या दिवशीच घेतलेल्या असतात. ज्याच्या घरी बैठक त्याच्याकडून वर्गणी नको, ग्लास धुणं त्याच्याच गळ्यात येतं.

त्रिकोणी

जादा बाटली उघडली नाही तर पुढच्या महिन्याला. उघडलेली उरली तर ३७५ ची रिकामी, स्वच्छ बाटली गळ्यापर्यंत भरून झाकण लावून फ्रीजमध्ये. आत हवा राहिली नाही की दोन-तीन दिवस सहज टिकते, रेडसुद्धा फ्रीजमध्येच. अर्धी भरलेली मोठी बाटली बूच दाबून ओट्यावर ठेवली तर दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकाच्या कामाची.

ओपनर दोन टप्प्यांचा वेटरवाला घ्या. फुलपाखरासारख्या हातांच्या ओपनरचा स्क्रू जाड असतो, जुनं बूच मधोमध कुरतडतो. स्क्रू मध्यावर सरळ लावा आणि शेवटचा एक वेढा बाहेर ठेवा, नाहीतर तळ फुटून भुगा आत पडतो. पडलाच तर गाळणीने गाळा, फक्त ती चहाची नको.

माधवनगरची_सून

वार कोणता धरावा? आमच्यात कोणाचा सोमवार, कोणाचा गुरुवार, कोणाची संकष्टी.

मिरजेची_मी

महिन्याचा दुसरा शनिवार धरा, त्या दिवशी संकष्टी आली तर रविवार. शनिवार पाळणारे असतील तर सरळ रविवारच. श्रावण आणि गणपती सोडून द्या, नाहीतर निम्मे येणार नाहीत आणि चार बाटल्या सहा जणांवर पडतील. आषाढी-कार्तिकी, अनंत चतुर्दशी, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, मतदान-मतमोजणी हे ड्राय डे. खरेदी दोन दिवस आधी उरकलेली असू द्या, पण बैठकही त्या दिवशी ठेवू नका. वेळ संध्याकाळी सहा-साडेसहा, जेवणाआधी. दुपारी चारला चहा घेतला असेल तर त्यानंतर काही नको, पान-तंबाखू तर नाहीच. वायनरीला एकत्र जायचं असेल तर जानेवारी ते मार्चमध्ये जा, तेव्हा तोडणी आणि क्रशिंग चालू असतं. अकलूज आपल्याला नाशिकपेक्षा पुष्कळ जवळ. आधी फोन करून टेस्टिंगची वेळ घ्या आणि गाडी चालवणाऱ्याला त्याच्या वाट्याची बाटली बांधून द्या.

विश्रामबागकर

ठरलं. पहिली बैठक चार सोविन्यों, पाच पेले आणि बादली. पेगची मापं दोन घेतो, बारा जणांना एकाने ओतायला वेळ लागेल.

ब्रिक्स_तेवीस

दोन्ही मापं आधी पाण्याने वजनकाट्यावर तपासून घ्या, ६० मिली म्हणजे ६० ग्रॅम. बाजारातल्या मापांत पाच-सात मिलीचा फरक सर्रास असतो.